कोणाची कूस बदलायची नाही? एका चिठ्ठीचा प्रकरण अभ्यास

चिठ्ठी जुन्या केस पेपरच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली होती. निळं बॉलपेन, घाईचं अक्षर, सही नाही. मजकूर एवढाच: "रात्री मी एकटी. पेशंट ४६, त्यातले ११ खाली गादीवर. दर दोन तासांनी सगळ्यांची कूस बदलणं होत नाही. मग कोणाची बदलायची नाही, हे कशावरून ठरवायचं?"

अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस वेळेवर बदलली नाही की शय्याव्रणं, म्हणजे दाबाने होणाऱ्या जखमा, होतात. नर्सिंगमधल्या संशोधनाचे राष्ट्रीय अग्रक्रम कसे ठरवावेत, हा विषय एम.एस्सी.च्या वर्गापुढे आला की मी ही चिठ्ठी फळ्यावर लिहिते आणि तासभर दुसरं काही बोलत नाही. खाली जे मांडलं आहे ते शिकवण्यासाठी बेतलेलं प्रकरण आहे. रुग्णालय एकच नाही. दोन-तीन वॉर्ड आणि बऱ्याच बैठका एकत्र करून एक गोष्ट केली आहे. माणसांना नावं दिलेली नाहीत, त्यांची पदं पुरेशी आहेत. बाहेरचे दाखले मात्र खरे आहेत, ते तपासून घ्यावेत.

पत्र आणि तक्ता

ऑगस्टचा दुसरा आठवडा. मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या मेडिकल वॉर्डात सिस्टर लोक या दिवसांना 'सीझन' म्हणतात. मलेरिया, डेंग्यू, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), ताप-कावीळ. खाटा भरल्या की दोन खाटांच्या मधे गादी, मग पॅसेजमध्ये गादी. त्यात हार्बर लाइनवर पाणी भरलं की रिलीव्हर येत नाही आणि सकाळी आलेली सिस्टर रात्रीही तिथेच. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. त्यानंतरच्या आठवड्यांतली लेप्टोची रांग ज्यांनी पाहिली, त्या सिस्टर आता निवृत्तीला आल्या आहेत.

अशा आठवड्यात नर्सिंग ऑफिसला पत्र आलं. देशपातळीवर संशोधनाच्या विषयांची यादी करायची आहे, आपल्या रुग्णालयाने दहा विषय सुचवावेत, मुदत आठ दिवस. सोबत इंग्रजीतला तक्ता: अनुक्रमांक, विषय, औचित्य. विषयाचा रकाना एका ओळीचा.

मेट्रन मॅडमनी केबिनमध्ये बैठक घेतली. दोन असिस्टंट मेट्रन, चार सिस्टर इनचार्ज, कॉलेजच्या दोन ट्यूटर. चहा येईपर्यंत यादी तयार झाली होती. मधुमेही रुग्णांचं पायाच्या काळजीविषयीचं ज्ञान. मातांचं स्तनपानाविषयीचं ज्ञान. स्टाफचं हात धुण्याविषयीचं ज्ञान. किशोरवयीन मुलींचं रक्तक्षयाविषयीचं ज्ञान. पुढे परिचारिकांवरचा कामाचा ताण, आणि शेवटी, कुणीतरी म्हणालं म्हणून, कृत्रिम बुद्धिमत्ता. दहापैकी सात विषयांत 'ज्ञान' हा शब्द होता.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या यादीला हसणं सोपं आहे. नर्सिंग कॉलेजच्या ग्रंथालयात प्रबंधांच्या कपाटापुढे उभं राहिलं की पाठीवरची शीर्षकं जवळजवळ एकसारखी दिसतात: निवडक रुग्णालयांतील निवडक व्यक्तींच्या अमुक विषयावरील ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाचा परिणाम. पूर्वचाचणी घ्यायची, फ्लिपचार्ट दाखवायचा, सातव्या दिवशी तीच प्रश्नावली पुन्हा द्यायची. गुण वाढतात. वाढणारच. चाळीस मिनिटं शिकवल्यावर माणसं त्याच प्रश्नांची जास्त बरोबर उत्तरं देतात, हे आपल्या देशात इतक्या वेळा सिद्ध झालं आहे की त्यावर आता शंका घ्यायला जागा नाही.

पण हे विषय निवडणाऱ्या मुलींचा त्यात दोष थोडा. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, खर्च स्वतःच्या खिशातून. एथिक्स कमिटीची परवानगी, वॉर्डाची परवानगी, गाइडची वेळ हे सगळं जमेपर्यंत हातात उरतात दोन-तीन महिने. तेवढ्यात साठ माणसांना प्रश्नावली देता येते, साठ माणसांच्या पाठीवरची कातडी महिनाभर तपासता येत नाही. दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर कॉलेजात नर्सिंगचं पदव्युत्तर शिक्षण १९५९ साली सुरू झालं, मुंबईत एसएनडीटीचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज १९६४चं, नर्सिंग रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया १९८६ची. म्हणजे संशोधन शिकवायला लागून आपल्याला बराच काळ झाला. पण त्या शिकण्याला बळ मिळालं ते पदवीचं. जे पदवीच्या मुदतीत बसतं ते संशोधन, ही सवय त्यातून लागली. मेट्रन ऑफिसच्या यादीत तीच सवय उतरली होती.

याच १९८६ साली अमेरिकेत राष्ट्रीय आरोग्य संस्थेत नर्सिंग संशोधनाचं स्वतंत्र केंद्र निघालं, १९९३ला त्याची संस्था झाली. तिथेही याद्या झाल्या, वाद झाले. पण यादीमागे थैली होती. एक विषय वर गेला की दुसऱ्याचे पैसे कमी होत, म्हणून लोक भांडत. आपल्या तक्त्यात दहा विषय लिहिले काय आणि शंभर लिहिले काय, कुणाचं काही जात नव्हतं. जिथे काही सोडावं लागत नाही, तिथे अग्रक्रम हा शब्द वापरण्यात अर्थ नाही.

बिस्किटाचा डबा

बैठकीत धाकट्या ट्यूटर गप्प होत्या. बाहेर पडल्यावर त्या मेट्रन मॅडमना म्हणाल्या, "मॅडम, आठ दिवस आहेत ना? पाच दिवस प्रत्येक वॉर्डात डबा ठेवू या. कामात अडलेला प्रश्न लिहून टाका म्हणावं. नाव नको."

मेट्रन मॅडम म्हणाल्या, "लिफ्ट बंद आहे हेच लिहितील सगळ्या."

"लिहू देत. बाजूला काढू."

असिस्टंट मेट्रनसमोर स्टाफ नर्स वेगळं मत मांडत नाही, हे कुणाला समजावून सांगायला नको. जगभर यावर जो उपाय शोधला गेला त्याला डेल्फी पद्धत म्हणतात. ती १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये आकाराला आली: तज्ज्ञांना एका खोलीत बसवायचं नाही, लेखी विचारायचं, उत्तरं नावाविना सगळ्यांना फिरवायची, पुन्हा विचारायचं. कॅरोल लिंडमन यांनी याच पद्धतीने अमेरिकेतल्या नर्सिंग संशोधनाचे अग्रक्रम काढले आणि १९७५ साली प्रसिद्ध केले. तेव्हापासून कितीतरी देशांनी तो कित्ता गिरवला. या पद्धतीचा एक तोटा असा की फेरी दर फेरी माणसं सरासरीकडे सरकतात आणि टोकाचा, म्हणजे बहुधा सगळ्यात नवा, विचार गळून पडतो. तरी बंद केबिनपेक्षा बिस्किटाचा डबा बरा.

डब्याची एक अडचण पहिल्याच दिवशी कळली. वॉर्डात अक्षर म्हणजे सहीच. रिपोर्ट बुक रोज वाचणाऱ्या इनचार्ज सिस्टर दोन ओळींत लिहिणारी ओळखतात. म्हणून ट्यूटरनी सगळ्या चिठ्ठ्या घरी नेऊन स्वतः एका वहीत उतरवल्या आणि मूळ चिठ्ठ्या कुणाला दाखवल्या नाहीत. बऱ्याच मराठीत, काही हिंदीत, एक मल्याळममध्ये; ती वाचून घ्यायला ट्रॉमा वॉर्डच्या सिस्टरना गाठावं लागलं.

मेट्रन मॅडमचा अंदाज अर्धा खरा निघाला. लिफ्ट होती. रात्री बसायला खुर्ची नाही, धोब्याकडून चादरी मोजून आणायला सिस्टरच का, युनिफॉर्म बदलायला जागा नाही, हेही होतं. ट्यूटरनी तीन गठ्ठे केले.

पहिला गठ्ठा मागणीपत्रांचा. खुर्चीवर संशोधन करायचं नसतं, खुर्ची मागायची असते. या गठ्ठ्याचं सरळ पत्र करून प्रशासनाला पाठवलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे जी गोष्ट द्यायची नसते तिच्यावर अभ्यासगट नेमायची जुनी रीत आहे.

दुसरा गठ्ठा ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे त्याचा. एका चिठ्ठीत विचारलं होतं: टाचेखाली पाणी भरलेले ग्लोव्हज ठेवायचे की हवा भरलेले? मुंबईच्या वॉर्डांत पडून असलेल्या पेशंटच्या टाचेखाली हा फुगलेला हातमोजा सर्रास दिसतो. शय्याव्रणांविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना पाण्याचे ग्लोव्हज, सलाईनच्या पिशव्या आणि मधे भोक असलेल्या रिंगा टाचेसाठी वापरू नका असं स्पष्ट सांगतात. टाच पूर्ण अधांतरी राहील अशी पोटरीखाली उशी द्यावी. स्पिरिट-पावडर लावून पाठ जोरात चोळणं, जे कित्येक सिस्टर पहिल्या वर्षी शिकल्या, तेही आता करू नये असं सांगितलं जातं. म्हणजे प्रश्न ग्लोव्हजचा उरला नाही. छापलेलं उत्तर खाटेपर्यंत का पोचत नाही, आणि उशीच नसेल तर पोटरीखाली काय द्यायचं, हा प्रश्न उरला. त्यातला पहिला भाग संशोधनाचा, दुसरा पुन्हा मागणीपत्राचा.

तिसरा गठ्ठा पातळ होता. जेमतेम नऊ चिठ्ठ्या. कूस बदलण्याची चिठ्ठी त्यात होती.

हा प्रश्न खरंच अनुत्तरित आहे का?

रुग्ण आणि उपचार करणारे मिळून संशोधनाचे प्रश्न ठरवतात असा जेम्स लिंड अलायन्स हा उपक्रम ब्रिटनमध्ये २००४ साली सुरू झाला. त्याचा एक नियम मला आवडतो: प्रश्न यादीत घ्यायच्या आधी त्याचं उत्तर कुठे आहे का ते शोधा. ट्यूटरनी शोधलं.

दोन तासांचा नियम आपण श्लोकासारखा पाठ केलेला आहे. २०१३ साली अमेरिका-कॅनडातल्या २७ नर्सिंग होममधल्या ९४२ वृद्धांवरचा अभ्यास आला. दोन, तीन आणि चार तासांनी कूस बदलणाऱ्या गटांत शय्याव्रणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. हे वाचून रात्रपाळीच्या सिस्टरला हायसं वाटेल. पण ते सगळे वृद्ध घट्ट फोमच्या चांगल्या गाद्यांवर होते. रेक्झिनच्या खाली कापूस गोळा झालेली गादी, ती फरशीवर, पावसाळ्यात, ताप चढलेल्या माणसाखाली: तिथे चार तास चालतील का? तो अभ्यास हे सांगत नाही, आणि त्याने सांगावं अशी अपेक्षाही नाही.

मग मनुष्यबळ. २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये युरोपातल्या नऊ देशांचा, ३०० रुग्णालयांचा आणि चार लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अभ्यास आला. प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांच्या आत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. आपल्याकडे भाषणांत हा आकडा नेहमी येतो. मात्र त्या नऊ देशांतलं प्रमाण पाहा: सगळ्यात चांगलं नॉर्वेचं, एका परिचारिकेमागे सरासरी ५.२ रुग्ण, सगळ्यात ताणलेलं स्पेनचं, १२.७. आमची सिस्टर ४६वर उभी आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका आहे, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक.

तेराच्या पुढे काय होतं? धोका तसाच चढत जातो, की पंचविसाच्या आसपास एक उंबरठा येतो आणि त्यानंतर सिस्टर काळजी घेणं सोडून आग विझवायला लागते? तिथून पुढे आणखी दहा रुग्ण आले तरी फारसा फरक पडत नाही, कारण जे सुटायचं ते आधीच सुटलेलं असतं? याचं उत्तर नॉर्वे देऊ शकत नाही, त्यांच्याकडे तसा वॉर्डच नाही. ते मुंबई, पाटणा, कानपूर आणि एखादं कमी गर्दीचं केरळातलं रुग्णालय मिळूनच देऊ शकतात. 'राष्ट्रीय' प्रश्न कोणता याची माझी कसोटी हीच आहे. देशाच्या नावाने मोठा वाटणारा नव्हे. एका रुग्णालयाला एकट्याने सोडवता येत नाही आणि ज्याच्या उत्तराला या देशातली तफावतच लागते, तो. चादरींचा हिशेब स्थानिक आहे. ४६चा प्रश्न राष्ट्रीय आहे.

काम सुटणं यालाही संशोधनात नाव आहे. बिएट्रिस कॅलिश यांनी २००६ साली अमेरिकेतल्या परिचारिकांशी बोलून 'सुटलेली परिचर्या' ही कल्पना मांडली. फिरवणं, चालवणं, तोंड स्वच्छ करणं, घरी जाताना समजावणं अशी कामं आधी सुटतात. औषध आणि सलाईन सहसा सुटत नाही, कारण ते दिसतं. मात्र आपल्या सिस्टरचा प्रश्न याच्याही एक पाऊल पुढचा आहे. सुटतं हे तिला माहीत आहे. शहाणपणाने कसं सोडायचं, हे ती विचारते आहे.

वर्गात इथवर आलं की कुणीतरी अरुणा शानबाग यांची आठवण काढतंच, आणि काढावीही. त्या मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका; १९७३ साली रुग्णालयातच त्यांच्यावर अत्याचार झाला, त्यातून त्या कधी उठल्या नाहीत, १८ मे २०१५ला गेल्या. इतकी वर्षं केईएमच्या सिस्टरांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवरच्या २०११च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या सिस्टरांची मनापासून वाखाणणी केली. इतक्या वर्षांत एकही शय्याव्रण झालं नाही, ही गोष्ट न्यायालयाच्या कागदांत नोंदली गेली आहे. परिचर्येतलं हे असामान्य काम आहे, आणि ते हातातून हातात शिकवलं गेलं. पण विद्यार्थिनींना मी एक फरक दाखवते: तिथे एका पेशंटसाठी अख्खी बिरादरी होती. काय शक्य आहे हे त्या खाटेने दाखवलं. ४६ पेशंटमागे एकच सिस्टर असते तेव्हा काय, हे तिने सांगितलेलं नाही.

गुण

नऊ चिठ्ठ्या आणि जुन्या यादीतले दहा विषय, असे एकोणीस मुद्दे दुसऱ्या बैठकीत आले. मेट्रन मॅडमनी स्वतःहून दोन रात्रपाळीच्या सिस्टर आणि एका ब्रदरना बोलावलं होतं. ट्यूटरनी बालआरोग्याच्या क्षेत्रात रूढ झालेली सीएचएनआरआय (चाइल्ड हेल्थ अँड न्यूट्रिशन रिसर्च इनिशिएटिव्ह) ही अग्रक्रम ठरवण्याची पद्धत वापरली: प्रत्येक मुद्द्याला पाच कसोट्या. उत्तर मिळण्यासारखं आहे का? निघालेला उपाय गुण देईल का? तो आपल्या व्यवस्थेत राबवता येईल का? आजाराचं ओझं किती हलकं होईल? सगळ्यात तळाच्या माणसाला फायदा होईल का? 'हो'ला एक, 'नाही'ला शून्य, नक्की नसेल तर अर्धा. गुण ज्याने त्याने आपल्या कागदावर, न बोलता द्यायचे.

हात धुण्याचं प्रशिक्षण पहिलं आलं. कूस बदलण्याची चिठ्ठी आठवी.

का, ते कागद पाहिल्यावर कळलं. तळाच्या माणसाचा फायदा आणि ओझं, या दोन्ही कसोट्यांत चिठ्ठीला भरभरून गुण होते. 'राबवता येईल का' यात अर्धे. 'उत्तर मिळण्यासारखं आहे का' यात जवळजवळ सगळ्यांचा शून्य. गुणांच्या पद्धतीत हा धोका असतोच: जे मोजायला सोपं ते वर येतं, आणि प्रश्न जितका खरा तितका पहिल्याच कसोटीवर अडतो. पाचही कसोट्यांना सारखं वजन द्यायचं, हे कुणी ठरवलं होतं? कुणीच नाही. तक्त्यात तसं होतं म्हणून तसं झालं.

धाकट्या ट्यूटरनी विचारलं, "शून्य का दिलात?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग रात्रपाळीच्या थोरल्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, चार्ट बघा ना. चार्टवर सगळ्यांची कूस दर दोन तासांनी बदललेलीच आहे."

खोलीतल्या प्रत्येकीला हे माहीत होतं. दहा, बारा, दोन, चार, सहा; प्रत्येक चौकोनात आद्याक्षरं. पहाटे सहाला, सकाळचा स्टाफ यायच्या आधी, एकाच पेनाने, एका दमात भरलेली. सिस्टर खोटारडी आहे म्हणून नव्हे. रिकामा चौकोन म्हणजे मेमो, नातेवाइकाची तक्रार आली तर चौकशी, आणि कोर्टात प्रकरण गेलं तर तोच कागद पुरावा. भरलेला चौकोन कुणी तपासत नाही.

मेट्रन मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "रिकामा चौकोन पाठवला तर वर कुणी विचारणार नाही की स्टाफ का नव्हता. विचारतील, सिस्टर कोण होती. मी पण सहा वाजताच भरायचे."

या प्रकरणाचा कणा मला इथे दिसतो. राष्ट्रीय अग्रक्रमांवरचं लिखाण वाचलं की सगळी चर्चा पद्धतीची असते: डेल्फी घ्यावी की कार्यशाळा, किती फेऱ्या, किती तज्ज्ञ, कोणत्या कसोट्या. २०१० साली अशा प्रक्रियांसाठी नऊ मुद्द्यांची एक तपासयादी प्रसिद्ध झाली. ती चांगली आहे आणि मी ती शिकवते. पण आपल्याकडे त्याच्याही आधीचा एक मुद्दा आहे. ज्या प्रश्नाचं खरं उत्तर लिहिलं की लिहिणारीवर बालंट येतं, तो प्रश्न कुठल्याही यादीत पहिला येऊच शकत नाही. पहिला आला तरी त्याची माहिती खोटी मिळणार, कारण नोंदवही आधीच खोटी आहे. देशातल्या शंभर वॉर्डांचे चार्ट गोळा करून कुणी संगणकात भरले तर निष्कर्ष निघेल की भारतात एक सिस्टर ४६ जणांची कूस दर दोन तासांनी बदलते. जगाने येऊन शिकावं असं ते काम ठरेल.

म्हणून राष्ट्रीय यादी करणाऱ्याने निधीच्या आधी अभय द्यायला हवं: संशोधनासाठी नोंदवलेलं 'झालं नाही' हे शिस्तभंगाच्या कारवाईत वापरलं जाणार नाही, असं लेखी. परिचर्येसाठी १९४७च्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा संसदेने २०२३ साली केला. नव्या चौकटीत असं काही बसवता येईल की नाही, यावर कायदा जाणणाऱ्यांनी बोलावं. माझ्या मते त्याशिवाय बाकीची यादी म्हणजे पाहुण्यांची नावं. जेवणाचा पत्ता नाही.

खोलीत कोण नव्हतं

जेम्स लिंड अलायन्सच्या बैठकांत रुग्ण, त्यांची काळजी घेणारे आणि उपचार करणारे असे तिघंही मत देतात. ज्यांचा रुग्णसेवेशी संबंध नाही असे संशोधक मदत करतात, पण मत देत नाहीत. आपल्या दुसऱ्या बैठकीत रात्रपाळी आली, हे मोठंच पाऊल होतं. पण पेशंटला प्रत्यक्ष वळवतात त्या मावशी नव्हत्या, आणि खाटेखाली चटई टाकून झोपणारा नातेवाईक नव्हता.

मावशींना डब्याबद्दल कुणी सांगितलंही नव्हतं. एका विद्यार्थिनीने आपण होऊन एका मावशींकडून ऐकून चिठ्ठी लिहिली होती: "जड माणूस एकटीने वळवला की माझी पाठ जाते. दोघी मिळून वळवायचा म्हटलं तर दुसरी कोण?" ही चिठ्ठी सुरुवातीला मागणीपत्रांच्या गठ्ठ्यात गेली होती. ट्यूटरनी नंतर ती बाहेर काढली, आणि बरोबर केलं. कूस बदलण्याचं काम सिस्टरच्या वेळेवर अडतं असं सगळे धरून चालले होते. ते मावशींच्या पाठीवर अडत असेल, तर रात्री सिस्टर दोन केल्या तरी चार्ट सहालाच भरला जाईल.

नातेवाइकांपैकी एकालाच विचारता आलं. ठाण्याजवळच्या दिवा गावाहून आलेला मुलगा, वडील नवव्या दिवशी गादीवरून खाटेवर आले होते. त्याचा प्रश्न: "रात्री सलाईन संपलं आणि सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे असल्या, तर मी ते बंद करू का? की हाक मारू? ओरडतील का?" नातेवाईक आपल्याकडे परिचर्येचा अर्धा भार उचलतो, नळीतून दूध देतो, भांडं देतो, पाठ पुसतो, आणि त्याला काय करायची मुभा आहे हे कुणी सांगितलेलं नसतं. नातेवाइकाला कूस बदलायला शिकवलं तर शय्याव्रणं कमी होतील का, की आपण सार्वजनिक सेवेची जबाबदारी गुपचूप घरच्यांच्या गळ्यात घालू? दोन्ही खरं असू शकतं. हा प्रश्न यादीत दहावा म्हणून घेतला गेला.

तक्त्यात काय गेलं

शेवटच्या दिवशी मराठीचं इंग्रजी करायची वेळ आली. 'कूस' या शब्दापाशी सगळे अडले. इंग्रजीत त्याला 'रिपोझिशनिंग' म्हणतात. त्यात माणूस नाही, फक्त स्थिती आहे. अडचण याहून मोठी होती ती 'नाही' या शब्दाची. 'कोणाची बदलायची नाही' असं राष्ट्रीय तक्त्यात लिहायचं तरी कसं? असिस्टंट मेट्रन म्हणाल्या, "हे पेपरात छापून आलं तर?" हे म्हणणंही पोकळ नव्हतं.

एका ओळीच्या रकान्यात अखेर जे बसलं ते मराठीत असं होईल: रात्रपाळीतील मनुष्यबळ आणि शय्याव्रण प्रतिबंधाच्या पद्धती. गुणांत आठवी आलेली चिठ्ठी अशी चौथ्या क्रमांकावर गेली. वाचणाऱ्याला त्यात काहीही दिसेल: प्रशिक्षण, गाद्या, नियमावली. बहुधा कुणीतरी त्यावर परिचारिकांच्या ज्ञानाची प्रश्नावली काढेल.

ट्यूटरनी एक गोष्ट केली. नऊ चिठ्ठ्या आणि मावशींचं वाक्य, मूळ भाषेत, जसंच्या तसं टाइप करून पुरवणी म्हणून जोडलं. मेट्रन मॅडमनी ती पुरवणी दोनदा वाचली आणि सही केली. पुढे ती कुणी उघडली का, याबद्दल पत्र आलेलं नाही.

वॉर्डात मात्र एक छोटा बदल झाला. मेट्रन मॅडमनी एकाच मेडिकल वॉर्डापुरता, एक महिन्यासाठी, चार्टला एक जादा रकाना जोडला: 'जमलं नाही, कारण'. वर स्वतःच्या हाताने लिहिलं की या रकान्यावरून कुणालाही मेमो दिला जाणार नाही, आणि खाली सही, शिक्का. हे करायला त्यांना वरून कुणी सांगितलं नव्हतं. उद्या काही झालं असतं तर तो शिक्का त्यांच्याच गळ्यात आला असता.

पहिले सहा दिवस रकाना कोरा राहिला. जुने चौकोन नेहमीसारखे भरलेले, एकाच पेनाने.

सातव्या रात्री पाऊस होता. सकाळी इनचार्ज सिस्टरनी चार्ट उघडला तेव्हा दोनच्या चौकोनात आद्याक्षरं नव्हती. शेजारी निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं: "२ वाजता दोन ॲडमिशन एकदम. एकाला झटके. खाट ९, १४ आणि खालचे सगळे राहिले. १४ला आधी घ्यायला हवं होतं, त्याची पाठ लाल आहे."